दहा माणसांचा धंदा आणि अंतर्गत समिती: कुणाला लागते, कशी नेमायची, तक्रार कशी द्यायची

"आमच्याकडे बायका दोनच आहेत, आम्हाला कशाला हवी समिती?" छोट्या कारखानदारांकडून आणि दुकानदारांकडून हे वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकते आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी ही अंतर्गत समिती. काही ठिकाणी मी तिची बाहेरची सदस्य म्हणून काम करते, म्हणून उत्तर आधीच सांगते. मोजणी बायकांची नसते, माणसांची असते. स्त्री-पुरुष मिळून १० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तर अंतर्गत समिती नेमणं मालकावर बंधनकारक आहे. तसं सांगणारा कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम, ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

मोजताना मालक चुकतात ते इथे. शिवणकामाच्या युनिटमध्ये सहा कारागीर आणि दोन हेल्पर पगारपत्रकावर असतात. पॅकिंगच्या दोन मुली ठेकेदाराकडून येतात, त्या कुणी धरतच नाही. कायद्याने त्या धरायच्या. रोजंदारीवरचे, हंगामी, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम शिकायला आलेलेही धरायचे. आणि पगारपत्रकावर एकही बाई नसली, तरी सुटका नाही. तक्रार करणारी स्त्री तुमची कर्मचारी असलीच पाहिजे अशी अट कायद्यात नाही. ती ग्राहक असू शकते, माल घेऊन आलेली असू शकते. कंपनीने दिलेली गाडी किंवा कामासाठी पाठवलेलं ठिकाण, हेसुद्धा कामाचं ठिकाणच.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर समिती नेमावी लागत नाही, पण बाईचा तक्रारीचा हक्क जात नाही. तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर माणसं कितीही असोत, रस्ता हाच. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी केली की समितीचा पत्ता मिळतो. तालुक्याला आणि शहरात प्रभागाला समन्वय अधिकारी नेमायचे असतात. त्यांच्याकडे आलेली तक्रार त्यांनी ७ दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवरूनही तक्रार देता येते.

समिती नेमताना

किमान चार जणं लागतात. अध्यक्ष ही तुमच्याकडची वरिष्ठ महिला कर्मचारी. तशी कुणी नसेल तर तुमच्याच दुसऱ्या शाखेतली घेता येते. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य घ्यायचे, शक्यतो समाजकार्याचा अनुभव किंवा कायद्याची जाण असलेले. चौथी व्यक्ती बाहेरची: महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची माहिती असलेली. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात आणि मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी समिती हवी.

घरच्या धंद्यात मालकाच्या बायकोला किंवा वहिनीला अध्यक्ष करून मोकळं होण्याकडे कल असतो. माझं स्पष्ट मत, तसं करू नका. मालकाच्या घरातली बाई समोर बसली की सुपरवायझरबद्दल बोलायला आलेली मुलगी "काही नाही ताई, असंच" म्हणून परत जाते. बाहेरच्या सदस्याचं महत्त्व छोट्या जागी म्हणूनच जास्त. हे नाव शोधायला दोन आठवडे गेले तरी चालतील, पण ओळखीतलं सोयीचं नाव घालू नका.

कागद फार नाहीत. लेटरहेडवर मालकाच्या सहीचा लेखी आदेश, त्यात सगळ्यांची नावं, हुद्दे, फोन नंबर आणि मुदत. बाहेरच्या सदस्याचं संमतीपत्र. हा आदेश आणि छळाचे परिणाम सांगणारा फलक सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचा. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मला तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला दिसला होता, आणि कपाटाची किल्ली मालकाकडे. पाण्याच्या पिंपाशेजारी किंवा हजेरीच्या मशीनपाशी लावा, जिथे प्रत्येकजण रोज थांबतो. समितीची माहिती शी-बॉक्सवरही भरा.

तक्रार देताना

तक्रार लेखी हवी. प्रसंग घडल्यापासून, किंवा प्रसंग पुन्हापुन्हा घडले असतील तर शेवटच्या प्रसंगापासून, ३ महिन्यांच्या आत. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, त्याची कारणं लिहून. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत असतील ते पुरावे, साक्षीदारांची नावं-पत्ते. पुरावे म्हणजे व्हॉट्सअॅपचे मेसेज, कॉलची नोंद, त्या दिवशीची हजेरी. मेसेज नुसते स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, मूळ फोनमध्येही राहू द्या.

ज्या बाईला लिहिता येत नाही, तिला लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. माझ्यासमोर एकदा वहीचं फाडलेलं पान आलं. चार ओळी, एकही तारीख नाही. आम्ही शेजारी बसून सणांवरून दिवस जुळवले: बोनस मिळाला तो दिवस, संक्रांतीच्या आदला दिवस, पगाराची संध्याकाळ. अर्ध्या तासात चार ओळींची दोन पानं झाली आणि शेवटचा प्रसंग मुदतीत बसतो हेही कळलं. "तारीख नाही" म्हणून तक्रार परत करणं हा अन्याय आहे.

पुढचं वेळापत्रक ठरलेलं आहे. समितीने ७ कामकाजी दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला द्यायची, त्याने १० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत आणि कुठल्याही बाजूने वकील आणता येत नाही. बाईने स्वतः मागितलं तरच समेट, तोही पैशांच्या बदल्यात नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि शिफारशींवर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं.

चौकशी चालू असताना रोज त्याच माणसासमोर उभं राहावं लागू नये, यासाठी तिने लेखी मागणी केली तर समिती बदलीची किंवा ३ महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. आठ-दहा माणसांच्या जागी बदली कुठे करणार? तेव्हा पाळी बदला, किंवा तिच्या कामाचा शेरा दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा.

तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं कायदा मानत नाही. हे मालकांनी नीट वाचावं, कारण पुरावा पुरला नाही की लगेच त्या बाईला काढून टाकण्याची घाई मी पाहिली आहे.

समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा दोषी ठरल्यास दुप्पट शिक्षा, आणि परवाना किंवा नोंदणीही रद्द होऊ शकते. समितीने दरवर्षी मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्यांना अहवाल द्यायचा. तक्रार एकही आली नसेल तर तसं लिहून द्या.

गुप्तता मोडणाऱ्यालाही ५ हजार रुपयांचा दंड आहे. छोट्या जागेत भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं, म्हणून सुनावणी वर्कशॉपच्या केबिनमध्ये ठेवू नका. बाहेरच्या सदस्याच्या संस्थेची खोली मागा, आणि बाईला तो दिवस हजर धरून पूर्ण पगार द्या.