लिबरेटर (छापील पिस्तूल)

लिबरेटर : त्रिमितीय छपाईने (थ्रीडी प्रिंटिंग) घडवलेले एकबारी पिस्तूल. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ‘डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड’ या संस्थेने ते तयार केले आणि मे २०१३ मध्ये त्याच्या फाईली इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या. या तंत्रात यंत्र संगणकातल्या आराखड्याबरहुकूम थरावर थर चढवत वस्तू उभी करते; साचा लागत नाही, कारखानाही लागत नाही. शस्त्रांचे कायदे मात्र कारखाना, दुकान आणि सीमाशुल्क या नाक्यांवर पहारा देत बसलेले असतात. लिबरेटरला त्यांपैकी एकाही नाक्यावरून जावे लागले नाही.

नाव दुसऱ्या महायुद्धातले. शत्रूव्याप्त प्रदेशातील बंडखोरांना पुरवण्यासाठी अमेरिकेने काढलेले स्वस्त एकबारी पिस्तूल याच नावाने ओळखले जाई.

शस्त्र म्हणून ते बेभरवशाचेच. १६ भागांपैकी १५ एबीएस प्लास्टिकचे, म्हणजे लेगोचे ठोकळे ज्याचे होतात त्याचे; सोळावा भाग हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा खिळा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी ते छापून चाचणी घेतली, तेव्हा नळीच फुटली. आपल्याकडचा गावठी कट्टाही झाडणाऱ्याच्या हातात फुटतो, पण तो घडवायला निदान कारागीर लागतो. धातुशोधक यंत्राला न सापडणाऱ्या बंदुकांवर अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. तिचा मान राखण्यासाठी आराखड्यात पोलादाचा एक तुकडा बसवायला जागा ठेवली होती. पिस्तूल चालायला तो तुकडा लागत नाही. त्यामुळे तो बसवायचा की नाही, हे छापणाऱ्याच्या मर्जीवर. जुलै २०१३ मध्ये इस्रायलच्या एका वाहिनीच्या पत्रकारांनी असे पिस्तूल, काडतुसाविना, तिथल्या संसदेत नेऊन दाखवले.

फाईली दोन दिवसांत लाखभर वेळा उतरवल्या गेल्या. मग अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्या काढायला लावल्या. त्यामागचा तर्क मोठा चमत्कारिक : परदेशी माणसाला दिसेल अशा जागी आराखडा ठेवणे म्हणजे शस्त्रविषयक तांत्रिक माहितीची निर्यात. संस्था २०१५ मध्ये न्यायालयात गेली. फाईल हीसुद्धा अभिव्यक्तीच, तेव्हा घटनेचे संरक्षण तिलाही हवे, हा तिचा युक्तिवाद. २०१८ मध्ये सरकारने तडजोड केली. पण काही राज्यांनी धाव घेतली आणि ३१ जुलै २०१८ रोजी सिएटलच्या संघीय न्यायालयाने प्रकाशन रोखले. तोवर प्रती इतरत्र पसरल्या होत्या.

जपानमध्ये खटला उभा राहिला तो प्रत्यक्ष वस्तूवर : घरी पिस्तुले छापणाऱ्या एका महाविद्यालयीन कर्मचाऱ्याला २०१४ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. न्यू साउथ वेल्सने २०१५ मध्ये थेट फाईलवरच बोट ठेवले. तिथे परवानगीशिवाय असा आराखडा नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे.

भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना बंदूक बनवता येत नाही, मग ती पोलादाची असो वा प्लास्टिकची. छापलेले पिस्तूल या कायद्यात सहज सापडते. गुंता पुढे आहे. या कायद्यातील ‘शस्त्रे’ या शब्दात शस्त्रे बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. मग काल गणपतीच्या मूर्तीचा नमुना आणि आज दातांची कवळी छापणारे यंत्र कोणत्या क्षणी शस्त्र ठरायचे? आणि फाईल तर या व्याख्येत सरळ बसतच नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१३ मध्येच लिबरेटर आपल्या संग्रहात घेतले. प्रदर्शनासाठी लागलेली प्रत लंडनमध्येच छापून घेतली होती.