डीएनए तपासणीचा अर्ज कुठे मिळतो?

सोलापुरात सिव्हिलच्या आवारात कुणी हा प्रश्न विचारला, तर उत्तर एकच: असा छापील अर्ज नसतो. सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा (फॉरेन्सिक लॅब) तुमच्या हातून नमुना घेत नाही. तो पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या पत्रासोबतच जावा लागतो.

बेवारस मृतदेह आपल्या माणसाचा असल्याची शंका असेल, तर आधी पोलिसांत मिसिंगची, म्हणजे माणूस हरवल्याची, नोंद करा. मृतदेह रेल्वे स्थानकाच्या हद्दीत सापडला असेल तर कागद लोहमार्ग पोलिसांकडे असतात. तपास अधिकाऱ्याला डीएनए तपासणीची साधी लेखी विनंती द्या, पोच घ्या. सोबत मिसिंगची प्रत, आधार, फोटो आणि नातं दाखवणारा कागद ठेवा. त्यासाठी रेशन कार्ड, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालू शकतो.

रक्त कुणाचं द्यायचं, इथे घोळ होतो. धावत येते बायको, पण तिच्या एकटीच्या रक्तावरून नवऱ्याची ओळख पटत नाही. आई-वडील सर्वांत चांगले, नाहीतर मुलं; मुलांसोबत मात्र तिचंही रक्त कामाला येतं. भावंडांवरून निष्कर्ष तेवढा ठाम निघत नाही.

कारण असं. डीएनएत ठरावीक जागी अक्षरांची छोटी मालिका पुन्हा पुन्हा येते. एखाद्या जागी आईकडून आलेली ११ वेळा, वडिलांकडून आलेली १४ वेळा. म्हणून आई-वडील आणि मुलांचे आकडे जुळतात, नवरा-बायकोचे नाही. अशा वीसेक जागांचे आकडे मांडले, की एकसारखी जुळी सोडता तेच आकडे दुसऱ्या कुणाचे निघणं जवळपास अशक्य. मूळ कल्पना १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरचे शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीज यांची. भारतात ती हैदराबादचे शास्त्रज्ञ लालजी सिंग यांनी रुजवली.

रक्त घेताना फॉर्मवर फोटो, अंगठा आणि साक्षीदारांच्या सह्या होतात, नळीला सील लागतं. अलीकडे रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मृतदेह कुजला असेल तर दाढ किंवा मांडीचं हाड राखून ठेवतात. ते फॉर्मालिनमध्ये घालायचं नसतं, त्यात डीएनए खराब होतो. रक्ताळलेले कपडे घरी असतील तर धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पाकिटात द्या. प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते.

पितृत्वाच्या वादात मागणी न्यायालयाकडे करायची, आणि ती सहजासहजी मान्य होत नाही.

अहवाल घरी येत नाही, तपास करणाऱ्या ठाण्यात जातो. पोलीस त्याला ‘सीए (केमिकल अॅनालायझर) रिपोर्ट’ म्हणतात. नमुना पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. पुढच्या फेरीला तेच विचारतील.