सुताने मोजलेली अमेरिका

शेजारच्या काकूंची लेक शेंगाचटणी नि कडक भाकरीचे डबे घेऊन दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाली, त्या रात्री काकू मोबाइलवर विमानाची खूण बघत बसल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "अमेरिका पश्चिमेला ना? मग हे वर चीनकडं कुठं चाललंय?"

प्रश्न रास्त होता. शाळेतल्या भिंतीवरचा नकाशा सपाट, त्यात अमेरिका डाव्या टोकाला. तिकडे जायचं म्हणजे अरबस्तान, आफ्रिका ओलांडून, असंच आपल्या मनात बसलेलं असतं. त्यांच्या घरी यंत्रमाग आहे. कांडीवरचं हातभर सूत तोडलं, नातवाचा पृथ्वीगोल घेतला. एक टोक सोलापूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून सूत ताणलं. ते जवळजवळ सरळ उत्तरेला गेलं: हिमालय, सैबेरिया, आर्क्टिक महासागराचा काठ, अलास्का, आणि मग खाली कॅलिफोर्निया.

गोलावरची सगळ्यांत जवळची वाट हीच. ती ज्या वर्तुळाचा तुकडा असते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. या दोन शहरांमधला तुकडा सुमारे १२२ अंशांचा भरतो. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटर झाले.

विमान मात्र सुतावरून तंतोतंत जात नाही. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटात जमीनच चार किलोमीटरच्या वर! म्हणून तो भाग शक्यतो टाळतात. तरी वाट उत्तरेचीच राहते. जून २०२३ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या इंजिनात बिघाड झाला, तेव्हा ते उतरलं रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदानला.

आता वेळेचं. मला यातला हाच भाग सगळ्यांत आवडतो, कारण इथे अंतराचा हिशेब वारा उलटवतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण अहवाल लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत, त्यामुळे जगाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, जुन्या वाटेपेक्षा हजारावर किलोमीटर जास्त. तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे आधीपेक्षा लवकर. भागून बघा: ताशी १,०५५ किलोमीटर. असं विमान हवेतून धावतं ताशी ९०० च्या आसपास. वरचा वेग पाठीवरच्या वाऱ्याचा.

काकूंनी लगेच विचारलं, "मग येताना?" त्याच वाटेने आलं, तर तोच वारा तोंडावर. हिवाळ्यात तो आणखी जोरात असतो. काकूंनी लेकीच्या परतीच्या तिकिटाचा महिना बघितला. जानेवारी होता.