कीस्टोन मारला की झालं? तसं नसतंय

दर गणपतीत सांगली-साताऱ्याच्या मंडळांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोच: "प्रोजेक्टर कुठंही तिरका ठेवा, कीस्टोननं चित्र सरळ होतं, क्वालिटीत काही फरक पडत नाही."

अर्धं बरोबर आहे, कीस्टोन म्हणजे प्रोजेक्टरमधली वाकडं चित्र सरळ करायची सेटिंग, तिनं आकार सरळ होतो. पण आत चित्र बनवणाऱ्या चिपवरचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, ठरलेले असतात, फुल एचडी असंल तर १९२० बाय १०८०. प्रोजेक्टर खालनं वर तोंड करून ठेवला की चित्र वरच्या बाजूला रुंद होतं, मग कीस्टोन ते चित्र चिपवरच वरनं आवळतो, म्हणजे तेवढे पिक्सेल रिकामे जातात आणि उरलेल्यात सगळं कोंबलं जातं, त्यामुळं बारीक अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. पिक्चर बघताना एवढं जाणवत नाही, क्रिकेटच्या स्कोअरपट्टीत मात्र लगेच कळतं.

पटत नसंल तर लाईट बंद करून एक्सेलची बारीक अक्षरांची शीट लावा, कीस्टोन आधी शून्यावर आणि मग फुल करून बघा. शिवाय काळी स्क्रीन लावली की चित्राच्या चौकटीबाहेरही अंधुक राखाडी उजेड दिसंल, ते वाया गेलेले पिक्सेल, काळे केले तरी थोडा उजेड गळतोच.

लेन्स शिफ्टची गोष्ट वेगळी, त्यात लेन्सच सरकते, पिक्सेल जात नाहीत, पण स्वस्तातल्या मॉडेलला बहुतेक नसतंच ते. मग प्रोजेक्टर पडद्यासमोर मधोमध, सपाट ठेवायचा, बऱ्याच मॉडेलात चित्राची खालची कड लेन्सच्या आसपासच येते, म्हणून बुटकं टेबल बरं. छताला उलटा टांगला तर सेटिंगमधनं चित्र फिरवून घ्या. एवढं करूनही थोडं वाकडं राहिलं तर मग कीस्टोन चिमूटभर वापरा की.