पृथ्वी फिरते म्हणून लंडन लवकर येत नाही भो

आमच्या जळगावला दर लग्नात एक काका हेच सांगतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून लंडनला जाताना लंडनच आपल्याकडे येतं, विमान नुसतं वर थांबलं तरी चालेल! ऐकायला भारी, पण चूक.

जळगावची जमीन ताशी साधारण १,५५० किमीने फिरतेय आणि तिच्यासोबत हवा पण, विमान पण. चालत्या एसटीत शेंगदाणा वर उडवा, तो परत हातातच पडतो, मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यात नाही, तसंच हे.

उलट मुंबई-लंडन, अंदाजे ७,२०० किमी, जातानाच जास्त वेळ खातं आणि येताना बहुतेकवेळा तासभर तरी वाचतो. कारण जेट स्ट्रीम, म्हणजे ९-१२ किमी उंचीवरचा पश्चिमेकडून येणारा जोरदार वारा, हिवाळ्यात तर कधी ताशी २०० किमीच्या वर. येताना पाठीवर, जाताना तोंडावर. सायकलवाल्याला विचारा!

जळगाव-मुंबई सरळ रेषेत ३५० किमीच आणि एटीआर, म्हणजे छोटं पंख्याचं विमान, बरंच खालून उडतं, त्यामुळे तिथं हा फरक जाणवतही नाही, आणि काकांना तिकिटावरच्या वेळा दाखवल्या तर म्हणे घड्याळाचा फरक असेल, आता साडेचार-साडेपाच तास वजा करून दाखवायला कोण बसणार, तेवढ्यात वरण-बट्टीची पंगत बसली.