टेम्प्लेटमधला ठिपका आणि डेटाबेसच्या ५१ फेऱ्या

एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ५० पुस्तकांची यादी असते आणि प्रत्येक पुस्तकाखाली लेखकाचे नाव असते. पान साधे असूनही ते उघडायला वेळ लागतो. अशा पानाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा माहिती भरते त्या साच्यात, प्रत्येक पुस्तकासाठी पुन्हा चालणाऱ्या लूपच्या आत बहुधा ‘पुस्तक.लेखक.नाव’ अशी एक निरुपद्रवी ओळ सापडते.

डेटाबेसमध्ये पुस्तके एका टेबलात आणि लेखक दुसऱ्या टेबलात असतात. पुस्तकाच्या नोंदीत लेखकाचा केवळ क्रमांक लिहिलेला असतो. या नोंदींना पीएचपीच्या ऑब्जेक्टचे रूप देण्याचे काम ओआरएम नावाचे सॉफ्टवेअर करते. सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कसोबत सहसा डॉक्ट्रिन हे ओआरएम वापरतात, तर लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये एलोक्वंट असते. पुस्तक आणले की त्याचा लेखक, लेखकाची इतर पुस्तके, त्यांचे परीक्षणलेख असे सगळेच ओढून आणले तर अर्धा डेटाबेस मेमरीत येईल, म्हणून संबंधित नोंद मागितली जाईल तेव्हाच आणायची, अशी पद्धत रूढ झाली. तिला लेझी लोडिंग म्हणतात आणि मुळात ती शहाणपणाचीच आहे.

डॉक्ट्रिन लेखकाच्या जागी एक प्रॉक्सी (बदली वस्तू) ठेवते, जिला फक्त लेखकाचा क्रमांक ठाऊक असतो. तोच क्रमांक विचारला तर डेटाबेसकडे जावे लागत नाही. नाव विचारले की मात्र प्रॉक्सी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे मागणी, पाठवून उरलेली नोंद भरून घेते. ट्विग या टेम्प्लेट भाषेत ठिपक्याचा अर्थ अ‍ॅरेचा घटक, ऑब्जेक्टची प्रॉपर्टी किंवा मेथड यांपैकी काहीही असू शकतो. त्यामुळे हाताशी असलेली माहिती वाचणे आणि त्यासाठी डेटाबेसपर्यंत जाऊन येणे या दोन्ही गोष्टी साच्यात हुबेहूब सारख्या दिसतात. सगळ्या अडचणीचे मूळ माझ्या मते इथे आहे.

यादीसाठी १ क्वेरी आणि ५० पुस्तकांच्या लेखकांसाठी ५०, अशा एकूण ५१ क्वेऱ्या होतात. याला ‘एन प्लस वन’ समस्या म्हणतात. डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर असून एका फेरीला २ मिलिसेकंद लागतात असे धरले, तरी १०० मिलिसेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. यातली प्रत्येक क्वेरी स्वतंत्रपणे वेगवानच असल्यामुळे मंद क्वेऱ्यांच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही, आणि प्रोग्रामरच्या संगणकावर चाचणीपुरती चार-पाच पुस्तके असल्याने तिथेही शंका येत नाही. सिम्फनीच्या डीबग टूलबारमधला क्वेऱ्यांचा आकडा पाहण्याची सवय म्हणूनच मोलाची आहे. डॉक्ट्रिन एकदा आणलेला लेखक लक्षात ठेवते, त्यामुळे ५० पुस्तके ३ लेखकांची असतील तर जादा क्वेऱ्या ३च होतात. एलोक्वंट अशी आठवण ठेवत नाही आणि ५० वेळा विचारते.

उपाय साच्यात नसून साच्याच्या आधी, पानासाठी माहिती गोळा करणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे कंट्रोलर किंवा रिपॉझिटरीमध्ये आहे. पानावर काय दिसणार हे तिथे माहीत असते, म्हणून लेखक तिथेच मागवावेत. एलोक्वंटमध्ये ‘विथ’ लिहिले की सर्व क्रमांक गोळा करून लेखक एकाच क्वेरीत येतात आणि ५१च्या जागी २ क्वेऱ्या होतात. डॉक्ट्रिनमध्ये जॉइन करता येते, म्हणजे दोन्ही टेबले एकाच क्वेरीत जोडता येतात, पण नुसते जॉइन पुरत नाही; जोडलेला लेखक सिलेक्टमध्येही, म्हणजे काय आणायचे त्या यादीतही, घ्यावा लागतो, अन्यथा प्रॉक्सी तशीच राहते. दोन संग्रह एकदम जोडताना मात्र जपावे, कारण एका पुस्तकाची १० परीक्षणे आणि ६ विषय असतील तर त्या एका पुस्तकापायी ६० ओळी येतात.

परीक्षणांची नुसती संख्या दाखवायची असेल तेव्हाही हाच धोका असतो. ट्विगमध्ये संग्रहाला लांबी विचारली की डॉक्ट्रिन एरवी सगळी परीक्षणे आणते आणि मग मोजते. संबंधाची व्याख्या करताना ‘एक्स्ट्रा लेझी’ असे नमूद केले असेल तर ती डेटाबेसकडूनच मोजून घेते. एलोक्वंटमध्ये यासाठी ‘विथकाउंट’ आहे.

लाराव्हेलमध्ये २०२१पासून लेझी लोडिंगला मनाई करण्याची सोय आहे. ती चालू असताना यादीतल्या पुस्तकाचा आधी न आणलेला लेखक साच्याने मागितला की पान तिथेच थांबते आणि कोणत्या मॉडेलचा (नोंदीच्या ऑब्जेक्टरूपाचा) कोणता संबंध राहून गेला ते त्रुटीसंदेशात नावानिशी कळते. ही मनाई विकासाच्या टप्प्यावर चालू आणि प्रत्यक्ष संकेतस्थळावर बंद ठेवतात, म्हणजे एखादी चूक नजरेतून निसटली तरी वाचकाला पान थोडे उशिरा का होईना, पण मिळते.