कर्मचारी प्रोत्साहन (नाशिक)

कामावरच्या माणसाचा उत्साह टिकावा म्हणून आस्थापना पगारापलीकडे जे देते, जो सत्कार करते आणि ज्या निमित्ताने सगळ्यांना एकत्र आणते, त्या सर्वाला कर्मचारी प्रोत्साहन म्हणतात. बोनस, बक्षिसे, संघबांधणीचे खेळ, सहल, स्नेहसंमेलन, कुटुंब दिन हे त्याचे नेहमीचे प्रकार. नाशिकमध्ये सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे-वाडीवऱ्हे इथल्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडची नोटांची व मुद्रांकांची छपाई अशी वेगवेगळ्या काळातली कामाची ठिकाणे आहेत, त्यामुळे या प्रथेचे जुने-नवे थर इथे शेजारी शेजारी दिसतात. व्यवस्थापनाची पुस्तके याला ‘मोटिव्हेशन’ म्हणतात. शॉप फ्लोअरवर प्रश्न साधा असतो: यंदा काय मिळणार, आणि कोणाकोणाला?

शास्त्रीय पार्श्वभूमी : फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनात कामगाराला प्रोत्साहन म्हणजे मोजून दिलेला जादा पैसा एवढेच होते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनी या समजुतीला धक्का दिला. तिथून निष्कर्ष निघाला तो असा, की आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे आणि आपल्याला विचारत आहे, एवढ्यानेही काम बदलते. पुढच्या अभ्यासकांनी त्या आकडेवारीवर शंका घेतल्या, पण कल्पना टिकली. फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पगार, कामाची जागा, साहेबाची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो. त्या सुधारल्या म्हणून तो कामात रमतोच असे नाही. रमण्यासाठी कामगिरी, तिची दखल आणि जबाबदारी लागते. हर्झबर्ग समजायला सर्वांत सोपे उदाहरण कॅन्टीनचे. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. उसळ चांगली झाली म्हणून उत्पादन वाढल्याचे कोणी सांगत नाही, पण पोळ्या कच्च्या निघाल्या की दुपारपर्यंत सगळ्या लाइनवर तोच विषय असतो.

बोनस : दिवाळीचा बोनस ही मालकाची खुशी नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे, म्हणून काटेकोरपणे पाहिले तर तो प्रोत्साहनात बसत नाही. दर दिवाळीला मोबाइलवर एक गोष्ट फिरते: इंग्रजांनी आठवड्याचा पगार महिन्यावर आणला, ५२ आठवड्यांचे १३ पगार होतात, तो बुडालेला तेरावा पगार म्हणजे बोनस. गोष्ट आकर्षक आहे, इतिहास वेगळा आहे. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांनी १९१७ मध्ये वेतनाच्या १० टक्के युद्ध बोनस दिला. पुढे नफ्यातला वाटा म्हणून बोनस मिळू लागला आणि १९२३ चा बोनस नाकारल्यावर १९२४ च्या आरंभी गिरण्यांत मोठा संप झाला. १९६५ च्या बोनस प्रदान अधिनियमाने किमान ४ टक्के आणि कमाल २० टक्के अशी मर्यादा घातली; किमान मर्यादा पुढे ८.३३ टक्के झाली. २०१९ च्या वेतन संहितेतही ८.३३ आणि २० हेच आकडे राहिले. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा भाग, म्हणजेच ‘एक पगार’. तेराव्या पगाराची गोष्ट पटते ती त्यामुळेच. पात्रतेसाठी वर्षात किमान ३० दिवस काम केलेले असावे लागते. कायद्याच्या आकड्यापेक्षा जास्त जे मिळते त्याला सानुग्रह रक्कम म्हणतात, आणि प्रोत्साहनाची खरी घासाघीस तिच्यावरच होते.

बोनसपेक्षाही मोठा दिवस वेतनवाढ कराराचा. काही वर्षांच्या मुदतीचा करार युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात अनेक बैठकांनंतर होतो. सह्या झाल्या की गेटवर फटाके, गुलाल, ढोल, पेढे. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात हार घातलेल्या प्रतिनिधींचा फोटो आणि वाढीचा आकडा. कंपनीने एक रुपयाही न खर्चता होणारा हा कार्यक्रम कोणत्याही हॉटेलातल्या स्नेहसंमेलनापेक्षा जिवंत असतो. व्यवस्थापनाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत मात्र त्याला जागा नसते.

खंडेनवमी : संघबांधणी हा शब्द येण्याच्या आधीपासून कारखान्यांत चालत आलेला सण. आदल्या शिफ्टला मशीन पुसून, धातूच्या चिप्स काढून, ऑइलचे डाग घासून लख्ख करतात. नवमीला नारळ, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. लेथ, प्रेस, व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन), फोर्कलिफ्ट, अगदी टूल रूममधल्या व्हर्नियर या मोजमापाच्या साधनालाही गंध लागते. त्या दिवशी मशीनची पूजा बहुधा ते चालवणारा ऑपरेटरच करतो. प्लँट हेड फिरत येतात, प्रत्येक मशीनपाशी थांबतात, प्रसाद घेतात. वर्षभर ज्याने वरिष्ठांच्या टेबलासमोर उभे राहायचे, त्याच्याकडे त्या दिवशी वरिष्ठ चालत येतात. या उलटापालटीतच सणाचे मर्म आहे. पूजा ऑफिसच्या लॉबीत हलवून तिथे फक्त सत्यनारायण आणि भाषण ठेवले, की सण उरतो आणि मर्म जाते.

बक्षिसे : ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’ म्हणून नोटीस बोर्डावर फोटो, पूर्ण हजेरीसाठी हजेरी भत्ता, २५ वर्षांच्या सेवेला घड्याळ किंवा चांदीचे नाणे, सुरक्षा सप्ताहात घोषवाक्य स्पर्धा (४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन), असे प्रकार सर्रास आढळतात. यांपैकी हजेरी भत्त्याला नाशिकमध्ये एक अडचण आहे. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडच्या अनेक कामगारांच्या घरी शेती आहे. द्राक्षे काढणीला आली की भत्ता कापला गेला तरी माणूस रजा टाकतो. याला निष्ठेचा अभाव समजणारा अधिकारी बहुधा बाहेरगावचा असतो.

कामाशी सर्वांत जवळचे बक्षीस म्हणजे सूचना योजना आणि गुणवत्ता मंडळे. ही मंडळे जपानमध्ये १९६२ मध्ये सुरू झाली, भारतात १९८० मध्ये भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यात आली. १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिची नाशिकलाही शाखा आहे. सहा-आठ जण एका अडचणीवर काम करतात आणि स्वतःच्या तोंडाने, बऱ्याचदा मराठीत, ती सभागृहात मांडतात. कैझनची, म्हणजे कामगाराने सुचवलेल्या छोट्या सुधारणेची, रक्कम किरकोळ असते, कधी कधी तर चहापुरतीच. तरीही आपण सुचवलेले फिक्श्चर (काम घट्ट धरून ठेवणारी जोडणी) मशीनवर बसलेले दिसणे हे वेगळेच. फक्त रकमेवर भर दिला की काय होते, याचा इशारा एडवर्ड डेसीच्या १९७१ च्या प्रयोगांत आहे: कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा, पैसे बंद झाल्यावर, त्या कोड्यांतला रस कमी झाला. ‘महिन्याला प्रत्येकी दोन कैझन’ असे टार्गेट लागले की तेच घडते. मग झाडू ठेवायच्या खुंटीचाही कैझन होतो.

सरकारी पातळीवर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ गुणवंत कामगार पुरस्कार देते आणि नाट्य, भजन अशा स्पर्धा घेते. मंडळाचा पाया १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यात आहे. कामगार रंगकर्मींची एक पिढी या स्पर्धांवर वाढली; हल्लीच्या कंपन्यांच्या टॅलेंट शोमध्ये ती तालीम नसते.

संघबांधणी : ब्रूस टकमन याने १९६५ मध्ये गट जुळण्याचे टप्पे सांगितले, त्यांत एक टप्पा भांडणाचा आहे, हे कार्यक्रम आखणारे विसरतात. नाशिकला निसर्ग हाताशी आहे. पावसाळ्यात अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी, थोडी हौस असेल तर उभ्या पायऱ्यांचा हरिहर, त्याहून अधिक असेल तर १,६४६ मीटरचे कळसूबाई. नाहीतर गंगापूर धरणाच्या काठचे किंवा इगतपुरीचे रिसॉर्ट, दोरीचे खेळ, डोळे बांधून चालणे. स्टाफला वायनरीची भेट, कामगारांना मिसळ पार्टी अशीही विभागणी होते आणि ती कोणाच्या नजरेतून सुटत नाही. कार्यक्रम साप्ताहिक सुट्टीला ठेवणे ही नेहमीची चूक. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. ती सुट्टी दोरी ओढण्यात घालवायला माणूस सहज तयार होत नाही, मग पत्रकात ‘ऐच्छिक’ लिहिलेले असो.

यात कुटुंब दिन उजवा ठरतो. बायको-मुले, आई-वडील बसमधून येतात, सुरक्षा चष्मे लावून पिवळ्या रेघेच्या आतून चालतात, आणि वीस वर्षे रोज डबा घेऊन जाणारा माणूस नेमका कुठे उभा राहतो ते पहिल्यांदा पाहतात. मशीनचा आवाज ऐकला की तो घरी मोठ्याने का बोलतो, हेही त्यांना कळते.

ठेकेदारी कामगार : वरचे बहुतेक सारे कायम कामगारांना धरून आखलेले असते. शेजारच्याच मशीनवर ठेकेदाराकडचा मुलगा, ट्रेनी किंवा अप्रेंटिस असतो. गणवेशाचा किंवा ओळखपत्राच्या पट्टीचा रंग वेगळा. ठेकेदारी कामगारही बोनसला पात्र असतो आणि तो देण्याची जबाबदारी ठेकेदारावर येते. दिवाळीची भेटवस्तू, सहल, फोटो यांबाबत कायदा गप्प आहे. कायम कामगाराला ट्रॉली बॅग आणि ठेकेदाराकडच्याला मिठाईचा अर्धा किलोचा बॉक्स, हे दोघेही एकाच बसने घरी नेतात. काही कारखाने भेटवस्तू सर्वांना एकच ठेवतात. इतर ठिकाणी वार्षिक कार्यक्रमाच्या टी-शर्टची ऑर्डर देताना ठेकेदाराकडची संख्या धरायची की नाही, हे जेवणाचा मेनू ठरण्याच्या आधीच ठरलेले असते.